उरलेल्या विजेवर

ही गोष्ट खरी आहे.

कुणी ती खोटी ठरवली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण मी तिथे होते. माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

आणखी एक आधीच सांगते. रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती, वारा सुटला नव्हता. दुपार नुकतीच कलली होती. समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. आणि माझ्या भावाच्या घराचं दार... सताड उघडं होतं.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसांच्या आत काय काय असतं ते रोज बघते. हाडं, खडे, एकदा तर एका काकांनी झोपेत गिळलेली कवळी. भूत काही कुठे दिसलं नव्हतं. त्यामुळे असल्या गोष्टींवर मी केव्हाच फुली मारलेली होती.

माझा दादा साऊंडची यंत्रं बनवतो आणि दुरुस्त करतो. वहिनी पुस्तकं वाचायची. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. घरातली मागची छोटी खोली तिची. भिंतींना जाड पडदे, एक टेबल, एक माइक.

त्या माइकसाठी दादाने स्वतःच्या हाताने अँप्लिफायर बनवला होता. पत्र्याचा डबा, पुढे एक हिरवा दिवा, आणि आत आठ पायांची एक चिप. ऑप-अँप म्हणतात तिला. माइकमधून येणारा इवलासा आवाज ती मोठा करते.

या चिपला वीज लागते, आणि ती अगदी शांत लागते. म्हणून विजेच्या वाटेवर कपॅसिटर बसवतात. हे दादाने मला एकदा जेवताना समजावलं होतं.

"टाकी समज. नळाला पाणी कमी-जास्त आलं तरी टाकी सांभाळून घेते. नळ बंद झाला तरी टाकीतलं थोडा वेळ पुरतं."

"मग एक मोठी टाकी बसवली की झालं."

"नाही ना! मोठी लांब असली तरी चालते. पण एक छोटा कपॅसिटर अगदी चिपच्या पायाशी लागतो. घरात पिंप भरलेलं असलं तरी झोपेत तहान लागल्यावर उशाशी तांब्याच लागतो की नाही?"

वहिनी लगेच म्हणाली, "आणि तो तांब्या रोज भरून कोण ठेवतं, तेही सांग."

खूप हसलो होतो आम्ही.

मग वहिनीला ताप आला. तो छातीत उतरला. ती आमच्याच दवाखान्यात होती. तिचे एक्स-रे मीच काढायचे. फुप्फुसांतलं पांढरं रोज थोडं वाढायचं. दादा माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी मान खाली घालायचे.

तिच्या घशात नळी होती. जिचा आवाज कितीतरी लोकांच्या घरात ऐकला जायचा, तिला शेवटी एक अक्षर बोलता येत नव्हतं. जायच्या दिवशी ती दादाचा हात धरून नुसते ओठ हलवत राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला.

ते काय, ते कळलंच नाही.

दादा तिथेच अडकला. भात कालवता कालवता हात थांबायचा. "काय म्हणत असेल गं ती?"



घरात आता दोघंच. दादा आणि त्यांची मुलगी. पहिलीतली पोर, पण तोंड असं की सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिच्या चिवचिवाटावर ते घर कसंबसं उभं होतं.

एक दिवस मी कामावर असताना दादाचा फोन आला.

"ताबडतोब ये. काही विचारू नकोस."

मला वाटलं, चिमणीला काही झालं. धावतपळत गेले. दादा मागच्या खोलीत जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली. समोर तो डबा.

"ऐक," म्हणाला.

त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. स्पीकरमधून बारीकशी खरखर. बाकी काही नाही.

"दादा, यात काय..."

"आता ऐक."

त्याने प्लग ओढून काढला. दिवा मंद व्हायला लागला. आतल्या टाकीत उरलेल्या विजेवर चिप दोन श्वास चालली. खरखर ओसरली. आणि मग...

"ऐक..."

बाईचा आवाज. अगदी जवळून. माइकला ओठ लावून बोलावं तसा.

दिवा विझला.

मी आधी टेबल बघितलं. माइक नव्हताच. त्याची वायरही काढून ठेवलेली होती.

"रेडिओ पकडत असेल रे."

"प्लग असताना पकडत नाही, आणि काढल्यावर पकडतो?" दादा शांतपणे म्हणाला. "बॅटरीही लावून बघितली. दिवसभर चालवली. एक शब्द नाही. आलेल्या विजेवर येतच नाही ती... उरलेल्यावरच येते."

त्याने पुन्हा प्लग लावला. पुन्हा काढला.

"ऐक..."

तोच शब्द. तोच सूर. शंकाच नको. वहिनीच.

मी रडले. दादा रडला नाही. त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. त्या चमकेचीच मला जास्त भीती वाटली.

"वाक्य अर्धं राहतंय गं," तो म्हणाला. "टाकी लहान पडतेय."

दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळी कामं बाजूला टाकली. बोटाएवढा कपॅसिटर होता, तिथे मुठीएवढे आणले. ते डब्यात मावेनात, म्हणून बाहेर ठेवून लांब वायरींनी जोडले. मी संध्याकाळी गेले तर खोलीतून शिट्टी ऐकू येत होती. बारीक, दात आंबवणारी.

"चिप बिथरलीय," दादा घामाघूम होऊन म्हणाला. "टाकी मोठी केली, पण लांब गेली. तिचा आवाज या शिट्टीखाली गाडला जातोय."

मग त्याने मसुराच्या डाळीएवढे दोन छोटे कपॅसिटर घेतले. चिपच्या विजेच्या दोन पायांना, अगदी मुळाशी, भिंग लावून चिकटवले. जोड स्वच्छ बसला.

शिट्टी बंद झाली.

अशी शांतता... की मला माझाच श्वास मोठा वाटला.

त्याने प्लग काढला.

"ऐक ना..."

मध्ये थोडं थांबणं. तेही तिचंच. वाचताना स्वल्पविरामाला थांबायची तसं.

"...दार उघड..."

संपलं.

दादा उठला तो पळतच सुटला. बाहेरचं दार उघडलं. सताड. उंबऱ्यात उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"आलीस?" तो म्हणाला. "ये."

त्या दिवसापासून ते दार बंद झालं नाही. मी दटावलं, चोर येतील म्हणाले. तो म्हणाला, "नेण्यासारखं होतं ते गेलंय."

पुढे जे सुरू झालं, ते आधी माझ्या लक्षातच आलं नाही. कारण काही येत नव्हतं...

जात होतं.

हॉलमधल्या घड्याळाचे काटे फिरत होते, पण टिकटिक नव्हती. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

मग मोरीतला नळ. पाणी बादलीत पडताना दिसायचं. आवाज नाही.

मग एकदा माझ्या हातून ताट निसटलं. फरशीवर आपटलं, गोल फिरलं, आडवं झालं. अजिबात... काहीही... ऐकू आलं नाही.

मी कानात बोटं घालून हलवली. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. फक्त घरातलंच काहीतरी आवाज पीत होतं.

शेजारच्या काकू बाहेर भेटल्या. त्या गॅलरीत बसून सगळ्या गल्लीचा हिशेब ठेवणाऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या भावाकडे पाहुणे आलेत का गं?"

"नाही काकू."

"अगं, मग आत जातं ते कोण? काल गेलं. परवाही गेलं. रोज दिवे लागायच्या सुमाराला कुणीतरी दारातून आत जातं."

"वहिनीसारखं कुणी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "नाही गं बाई. ती कुठे इतकी उंच होती?"

मग हळूच म्हणाल्या, "आणि मी बसून असते ना... बाहेर येताना एकालाही पाहिलं नाही."

मी तशीच आत गेले. चिमणीला माझ्याकडे न्यायचं ठरवलं होतं. ती खाटेवर बसली होती, पाठ भिंतीला लावून. मला बघून तिने तोंड उघडलं. ओठ हलले. 'आत्या' म्हणाली, एवढं मला दिसलं.

ऐकू काही आलं नाही.

"चिमणे, मोठ्याने बोल."

तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही.

मी तिला उचललं आणि दाराकडे निघाले. उंबऱ्याजवळ येताच पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. तिने दोन्ही हातांनी चौकट पकडली. एवढ्याशा बोटांत ती ताकद कुठून आली, मला माहीत नाही. कुणीतरी तिला आतून धरलंय, असंच वाटलं. तिचा हात उखडेल या भीतीने मी सोडलं.

आमच्या दवाखान्यातल्या घशाच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, घसा अगदी ठणठणीत आहे. धक्का बसलाय. वेळ द्या.

पण त्या हे सगळं कुजबुजत सांगत होत्या. आपण का कुजबुजतोय, ते त्यांनाही कळत नव्हतं. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोला. त्या म्हणाल्या...

"मी मोठ्यानेच बोलतेय."

आणि पर्स उचलून निघून गेल्या.

त्या दुपारी मी दादाच्या गळपट्टीला धरलं. सख्ख्या मोठ्या भावाच्या.

"बंद कर हे! बायको गेली, आता पोरही घालवणार आहेस का?"

"तीच सांगेल काय करायचं," दादा हात जोडून म्हणाला. माझ्यापुढे हात जोडले त्याने. "तिला पुरतं बोलू तर दे गं. एकदाच. तिच्याशिवाय कुणाला विचारू मी?"

माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

दादाने घरातली सगळी यंत्रं फोडली. मोठ्या अँप्लिफायरमधले, डब्याएवढे कपॅसिटर काढले. एकेक भरून, मीटर लावून बघायचा. काही जुने होते, भरलेलं आपोआप गळून जायचं. ते फेकून द्यायचा. चांगले तेवढे ओळीने मांडले, अधिकची बाजू एकीकडे, उण्याची दुसरीकडे. मी वायरी धरल्या. त्याने सोल्डर केलं. एक घाईत उलटा जोडला गेला. वीज देताच तो फुगला आणि फुटला. दादाच्या तळहातावर गरम पाणी उडालं, कातडी सोलली.

फुटल्याचा आवाज आला नाही.

दादा ओरडलाही असेल. मला फक्त त्याचं तोंड दिसलं.

जळक्या हातानेच त्याने तो काढून टाकला. बाकीचे हळूहळू भरत ठेवले. एकदम वीज सोडली तर फ्यूज जातो, म्हणून मध्ये एक मोठा रेझिस्टर, वीज अडवून थेंब थेंब भरायला. मीटरचा काटा चढत होता. बाहेरच्या उघड्या दारातून उन्हाचा पट्टा आत, थेट आमच्यापर्यंत आला होता. चिमणी आमच्या मध्ये बसली होती, तोंड उघडं, डोळे दाराकडे.

काटा वर टेकला. आता आम्ही ओठांवरूनच बोलत होतो.

'काढू?' दादाने विचारलं.

मी मान डोलावली.

त्याने प्लग काढला.

आणि त्या मुक्या घरात एकच आवाज होता. तिचा. स्वच्छ.

"ऐक ना..."

"...दार उघडू नकोस."

दादाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

उघड नाही. उघडू नकोस. एवढे दिवस आम्ही अर्ध्याच वाक्यावर...

"मी हाक मारली तरी उघडू नकोस. माझ्या मागून येतायत."

काटा खाली उतरत होता. ती थांबली. मग आवाज बदलला. वाचल्यासारखा राहिला नाही. घाबरलेल्या माणसाचा झाला.

"उघडलंस का?"

दादा त्या डब्यावर कोसळला. माइक नाही, काही नाही, आणि तो स्पीकरला तोंड लावून सांगत होता. उघडलं गं. उघडलं. ओठ दिसत होते. आवाज नव्हता.

तरी तिला कळलं असावं. कारण बराच वेळ काही आलं नाही. काटा अर्ध्याच्या खाली गेला.

मग ती म्हणाली, "पोरीला बाहेर ने."

आवाज फाटायला लागला होता. टाकी तळाला गेली होती.

"आता... दार लावू..."

दिवा विझला.

दादा दाराकडे झेपावला. मी त्याचा शर्ट धरला. तो ओठांनी ओरडत होता, 'लावून घे म्हणाली!' मी नकाराची मान हलवत होते. 'लावू नकोस म्हणाली असेल! जे आत आलंय ते बाहेर कसं जाणार?'

लावून घे. लावू नकोस. एकाच अक्षरावर तुटलं होतं, आणि पुढचं चुकलं तर काय होतं ते आम्ही बघितलं होतं.

दादा परत डब्याकडे पळाला. थेंब थेंब भरायला वेळच नव्हता. त्याने रेझिस्टर उपटून फेकला आणि प्लग सरळ खुपसला. ठिणगी उडाली. फ्यूज गेला. डब्यातून चिप जळाल्याचा वास आला.

आता विचारायला कुणी नव्हतं.

आणि तेव्हा घरातला उजेड... कमी झाला. ऊन होतं तिथेच होतं. पण आमच्या आणि उन्हाच्या मध्ये कुणीतरी उभं राहावं, तसा. एक नाही. पुष्कळ.

मी चिमणीला कवटाळून दाराशी नेलं. ती ताठ झाली, चौकटीला हात घातले. दादाने सोललेल्या हाताने तिचं एकेक बोट सोडवलं. ती नखं मारत होती, चावत होती. आम्ही ओढलं. दोघांनी, जीव खाऊन. काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि आम्ही तिघं पायऱ्यांवर पालथे पडलो.

आणि आवाज आला.

चिमणीची किंकाळी. ती सुरू झाली नाही, मधूनच ऐकू आली. घसा बसलेली, फाटलेली. म्हणजे ती कधीपासून ओरडत होती... कितीतरी दिवस. आमच्या डोळ्यांदेखत.

मी तिला छातीशी धरून मागे बघितलं.

दार बंद होतं.

आम्ही कुणीच हात लावला नव्हता.

दादा उठला, दारावर धडका मारायला लागला. किल्ली आत राहिली होती. "अगं ए! उघड! तू आहेस का आत? उघड गं!" गॅरेजमधला माणूस धावत आला. काकू खाली आल्या. दादाला आवरायला माणसं कमी पडत होती. आतून काही उत्तर आलं नाही.

घर भाड्याचं होतं. पुढे घरमालकांनी कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं आणि सामान माझ्याकडे पोचवलं. त्यांना काही जाणवलं नाही म्हणतात. म्हणाले, घर जरा जास्तच शांत आहे, भाडेकरूला आवडेल.

सामानात ती कपॅसिटरची ओळ होती. दादाने सवयीने तिच्या टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. फाटकन मोठी ठिणगी उडाली. ती ओळ रिकामी होताना आम्ही डोळ्यांनी बघितली होती, आणि पुन्हा भरायच्या आधीच फ्यूज गेला होता.

"रिकामं केल्यावरही थोडं परत चढतं," दादा म्हणाला. "पण... इतकं नाही."

त्याने टोकं जाड तारेने बांधून टाकली. त्यानंतर त्याने सोल्डरला हात लावलेला नाही.

आता दोघं माझ्याकडेच राहतात. चिमणीचा आवाज परत आला. थोडा घोगरा, पण आहे. ती चिवचिवते, भांडते, शाळेतल्या गमती सांगते. मी देवाचे आभार मानते.

परवा संध्याकाळची गोष्ट. मी आणि दादा आत बसलो होतो. चिमणी खेळून आली. बाहेरच्या खोलीतून सहज ओरडली...

"आत्या, आता दार लावू?"

दादाच्या हातातला कप तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे.

लावून घे नाही. लावू नकोसही नाही.

वाक्य कदाचित तुटलंच नव्हतं. पुरं झालं होतं. ती आम्हाला काही सांगत नव्हती... विचारत होती. आत कोण कोण आलंय हे माहीत असून, त्यांच्यासकट स्वतःला आत कोंडून घेण्याआधी, आम्हाला विचारत होती.

आणि आम्ही पायऱ्यांवर येईपर्यंत वाट बघत थांबली होती.

"आत्या? लावू का गं?"

दादाने तोंड उघडलं.

त्याला आवाज फुटला नाही.